शेपटीकडून वाचा: लांबलचक डच शब्द फोडायचे कसे

नेदरलँड्समध्ये आल्यावर पहिल्याच वर्षी नगरपालिकेचं एक पाकीट आलं. आत बिल होतं आणि बिलावर एकच शब्द ठळक छापलेला: आफफालस्टॉफनहेफिंग. रोमन लिपीत सलग १९ अक्षरं, मध्ये श्वास घ्यायला जागा नाही.

दोन डच शब्द जोडताना मध्ये कधीकधी 'एस' घालतात, एवढं मी तेव्हा नुकतंच शिकलो होतो. त्या अर्ध्या हळकुंडाच्या जोरावर शब्द तोडला: आफफाल्स + टॉफन + हेफिंग. शब्दकोशात 'टॉफ' सापडला. अर्थ: मस्त, भारी. भारी कचऱ्याचं काहीतरी असावं म्हणून कागद बाजूला ठेवला, आणि यथावकाश स्मरणपत्र आलं. शेवटी शेजारच्या आजोबांनी पेन्सिलीने दोन उभ्या रेघा मारून दिल्या. आफफाल म्हणजे कचरा, स्टॉफन म्हणजे पदार्थ, हेफिंग म्हणजे शुल्क. आपल्याकडे महापालिका घनकचरा शुल्क लावते, तेच. माझी रेघ फक्त एका अक्षराने चुकली होती. 'एस' सांध्याचा नव्हता, पुढच्या शब्दाचा होता.

त्या दोन रेघा कुठे मारायच्या, त्यासाठी हा लेख. डच भाषेचा पाया थोडाफार झाला आहे आणि सरकारी पत्र, विम्याचा कागद किंवा मुलांचा शाळेतला अभ्यास समोर आला की डोकं गरगरतं, अशांसाठी. डच शब्द देवनागरीत, उच्चाराच्या जवळ जाईल असे लिहितो. स्पेलिंगचा मुद्दा आला की रोमन अक्षरं त्यांच्या ओळखीच्या इंग्रजी नावांनी सांगेन. अधिक चिन्ह म्हणजे दोन शब्दांमधला सांधा, आडवी रेघ म्हणजे उच्चाराचा तुकडा. या दोन गोष्टी वेगळ्या आहेत, आणि बहुतेक गोंधळ त्यांची सरमिसळ केल्यानेच होतो.

आधी शेपूट धरा

डच जोडशब्दाला 'सामनस्टेलिंग' म्हणतात. त्याचा अर्थ शेवटच्या पदात असतो, आधीची पदं त्याला फक्त विशेषण लावतात. शाळेत समास शिकलेल्या मराठी माणसाला हे नवीन नाही. तत्पुरुषात दुसरं पद प्रधान, हे आपण दहावीला घोकलेलं असतं. डचमध्ये नव्वद टक्के मामला तत्पुरुषाचाच आहे असं मी मनाशी धरून चालतो आणि सहसा फसत नाही.

'आर्ट्स' म्हणजे डॉक्टर. मग हाउसआर्ट्स (घर + डॉक्टर) आपला नेहमीचा फॅमिली डॉक्टर, टांटआर्ट्स दातांचा, डीरनआर्ट्स जनावरांचा. शब्द कितीही लांब असो, शेपटीला आर्ट्स दिसला की माणूस डॉक्टर. पदं उलटवली की अर्थही उलटतो. कूमेल्क म्हणजे गाईचं दूध, मेल्ककू म्हणजे दुभती गाय.

शेपूट लिंगही ठरवतं. डचमध्ये नामाआधी 'डे' लागतो किंवा 'हेट', आणि तो पाठ करावा लागतो. जोडशब्दात मात्र शेवटच्या पदाचा पाठ असला की पुरे. हेट हाउस, डे आर्ट्स, म्हणून डे हाउसआर्ट्स. डे स्टाट (शहर), हेट हाउस, म्हणून नगरभवन हेट स्टाटहाउस. आपणही तसंच करतो: ते गाव, ती देवी, ती गावदेवी, तो चहा, ती पूड, ती चहापूड. कोणी नियम सांगितलेला नसतो, तरी 'तो चहापूड' तोंडात येत नाही. अनेकवचनाचा प्रत्ययही शेपटीलाच लागतो.

एक सावधगिरी. शेपूट 'काय आहे' ते सांगतं, पण दोन पदांमधलं नातं सांगत नाही. ओलाइफओली म्हणजे ऑलिव्हपासून काढलेलं तेल. बेबीओली म्हणजे बाळांसाठीचं तेल. दोन्हींची रचना तीच. नातं कोणतं ते अक्कल लावून ओळखायचं, जसं आपण तिळाचं तेल आणि सांध्यांचं तेल यांत घोळ घालत नाही.

बहुव्रीहीही भेटतो, क्वचित. रोटबॉर्स्त्ये म्हणजे शब्दशः 'लालछाती', पण तो एक चिमुकला पक्षी आहे. नीलकंठ म्हणजे निळा गळा नव्हे तर तो गळा असलेला शंकर, तशातलाच प्रकार. प्राण्यांच्या नावांत डच लोकांची कल्पकता बघण्यासारखी आहे: कासव म्हणजे स्खिल्टपाट, ढाल घेतलेला बेडूक. हिप्पो म्हणजे नाइलपार्ट, नाईल नदीचा घोडा. आपण त्यालाच पाणघोडा म्हणतो. घोडा दोन्हीकडे कसा शिरला देव जाणे.

सांधा शोधणं

उजवीकडून डावीकडे या. शेवटून सुरुवात करून ओळखीचा, पूर्ण, स्वतंत्र शब्द मिळेपर्यंत मागे सरका. तो मिळाला की रेघ मारा आणि उरलेल्या भागावर तोच प्रयोग पुन्हा करा. कसोटी एकच: रेघेच्या दोन्ही बाजूंना उभा राहू शकणारा शब्द उरला पाहिजे आणि दोघांचा मिळून अर्थ लागला पाहिजे. माझा 'भारी कचरा' या दुसऱ्या कसोटीवरच आपटला असता, पण मी ती लावलीच नाही.

खुणा काही आहेत. 'हाइट' (भाववाचक नाम करणारा प्रत्यय) किंवा 'इंग' दिसला आणि लगेच 'एस' आला, तर तिथे सांधा असण्याची शक्यता खूप. उलट बाजूने खे, बे, फर, ऑन्ट हे उपसर्ग दिसले, तर बऱ्याचदा तिथूनच नवा शब्द सुरू होतो.

व्यंजनांचा ढीग ही आणखी चांगली खूण. भीतीने फोडलेली किंकाळी म्हणजे आंग्स्टस्ख्रेव. स्पेलिंगमध्ये एन-जी-एस-टी-एस-सी-एच-आर अशी आठ व्यंजनं ओळीने उभी असतात. पहिल्यांदा बघताना छापखान्यात ट्रे सांडल्यासारखं वाटतं. पण कुठलाही एक डच शब्द एवढी व्यंजनं एका जागी घेत नाही, म्हणजे इथे दोन शब्दांची टक्कर आहे. आंग्स्ट (भीती) + स्ख्रेव (किंकाळी). १३ अक्षरं, उच्चाराचे तुकडे अवघे दोन.

कानाला मिळणारी खूण वेगळी. डचमध्ये शब्दाच्या शेवटचा 'डी' कठोर होतो, 'ट' ऐकू येतो. जोडशब्दातही तो ट राहतो. हातमोजा म्हणजे हांटस्खून (हात + जोडा, हाताचा बूट!). लिहिताना 'डी', बोलताना 'ट', म्हणजे तिथे एक शब्द संपला. आघातही मदत करतो: बहुधा पहिल्या पदावर जोर असतो. अपवाद आहेतच. स्टाटहाउसमध्ये जोर 'हाउस'वर पडतो.

काही शब्द मात्र दोन ठिकाणी तुटतात आणि दोन्ही वेळा अर्थ लागतो. डच लोक अशा शब्दांचा छंद असल्यासारखा संग्रह करतात. क्वार्टस्लाखन: क्वार्ट + स्लाखन म्हणजे पाव फेऱ्या, क्वार्ट्स + लाखन म्हणजे क्वार्ट्झ दगडाचे थर. फालकाउल: फाल + काउल म्हणजे सापळ्याचा खड्डा, फाल्क + आउल म्हणजे ससाणा-घुबड. माझं आवडतं उदाहरण एम-ए-एस-एस-ए-जी-ई-बी-ई-डी. मासाझे + बेट असं तोडलं तर मसाजचा पलंग. मासा + खेबेट असं तोडलं तर सामुदायिक प्रार्थना. स्पेलिंग तेच, 'जी' एकदा झ आणि एकदा ख. पाटी दारावर लागली असेल तर आत जाण्याआधी सांधा तपासावा.

सांध्यातला चुना

दोन विटांमध्ये चुना भरावा तसं दोन पदांमध्ये कधी अक्षर भरतात: 'एस', 'ई', 'ई-एन' किंवा 'ई-आर'. कधी काहीच भरत नाहीत. झॉन (सूर्य) हा एकच शब्द घ्या. सूर्यप्रकाश झॉनलिख्ट, मध्ये काही नाही. सूर्यास्त झॉन्सऑन्डरखांग, मध्ये एस. सूर्यफूल झॉनेब्लूम, मध्ये ई. तीन शब्द, तीन तऱ्हा. पाठ करा आणि पुढे चला. आपणही पाणी शब्दाचं पाणवठ्यात 'पाण' करतो आणि पाणीपुरवठ्यात 'पाणी' ठेवतो, कारण विचारलं तर सांगता येत नाही.

'ई-आर' सोपा आहे. किंट (मूल), आय (अंडं), रुंट (गुरं) अशा मोजक्या शब्दांना लागतो. बाबागाडी किंडरवाखन. तिथे किंडरचा 'र' म्हणजे जुन्या अनेकवचनाचा अवशेष.

'एस' मुख्यतः कानावर ठरतो: ऐकू येत असेल तर लिहा. काही शब्दांत डच लोकांचंही एकमत नसतं आणि दोन्ही रूपं चालतात. 'हाइट'ने संपणाऱ्या शब्दानंतर तो जवळपास हमखास येतो. खरी अडचण दुसरं पदच 'एस'ने सुरू होत असेल तेव्हा येते, कारण दोन स एकमेकांत विरघळतात. त्यावर एक नामी युक्ती आहे: दुसरं पद बदलून बघा. गावातल्या रस्त्याला डॉर्प + स्ट्राट म्हणताना एक एस की दोन? गावचा चौक म्हणून बघा: डॉर्प्सप्लाइन. तिथे एस स्वच्छ ऐकू येतो. मग रस्त्यातही दोन एस: डॉर्प्सस्ट्राट. स्टेशनचंही तसंच, स्टाशॉन्सप्लाइनवरून स्टाशॉन्सस्ट्राट.

आता 'एन'. या एका अक्षराने डच लोकांची जेवढी भांडणं लावली तेवढी दुसऱ्या कुठल्या अक्षराने लावली नसतील. मध्ये येणाऱ्या या एनला ते 'टुसन-एन' म्हणतात. भांडणाचं मूळ असं की पश्चिमेकडच्या बोलण्यात 'एन' ऐकूच येत नाही. पुस्तकांचं कपाट लिहायचं बूकनकास्ट, बोलायचं बूकेकास्ट. कान काही सांगत नाही, त्यामुळे नियमच हवा.

नियमाचा गाभा असा: पहिलं पद नाम असेल आणि त्याचं अनेकवचन फक्त 'एन' लागून होत असेल, तर 'एन' लिहा. बूक – बूकन, म्हणून बूकनकास्ट. टोमाट – टोमाटन, म्हणून टोमाटनसूप. पण अनेकवचन 'एन' आणि 'एस' दोन्ही लागून होत असेल तर 'एन' नाही. भाजीला ख्रून्ते म्हणतात, अनेकवचन ख्रून्तन आणि ख्रून्तेस दोन्ही चालतं, म्हणून सूप ख्रून्तेसूप. टोमॅटोच्या सुपात 'एन' आहे, भाज्यांच्या सुपात नाही. डब्यावरचं लेबल वाचून मी कितीतरी दिवस ही छपाईची चूक समजत होतो.

विम्याच्या कागदांवर अशीच एक जोडी भेटते. झीकन्हाउस म्हणजे इस्पितळ, कारण झीके म्हणजे आजारी माणूस आणि अनेकवचन फक्त झीकन. झीक्तेकॉस्टन म्हणजे आजारपणाचा खर्च, कारण झीक्ते म्हणजे आजार आणि त्याची अनेकवचनं दोन. एका 'टी'मुळे 'एन' गेला.

अपवाद तीन लक्षात ठेवले तर भागतं. वस्तू किंवा व्यक्ती जगात एकच असेल तर 'एन' नाही: सूर्य, चंद्र, राणी. राणीच्या दिवसाचं नाव कोनिंगिनेदाख होतं, त्यात 'एन' नव्हता. २०१४ पासून राजाचा दिवस साजरा होतो, कोनिंग्सदाख, आणि 'एस' आल्यामुळे तो प्रश्नच मिटला. दुसरा, पहिलं पद नुसतं जोर देण्यासाठी असेल तर नाही: बेरेस्टेर्क म्हणजे अस्वलासारखा बळकट, म्हणजे 'जाम बळकट'. तिसरा, पहिलं पद क्रियापद असेल तर नाही. कोळ्याचं जाळं स्पिननवेब, कारण कोळी हे नाम. सूतकताईचं चाक स्पिनेवील, कारण स्पिनन म्हणजे कातणं हे क्रियापद.

हा नियम १९९५ चा. त्याआधी १९५४ च्या अधिकृत शब्दसूचीप्रमाणे अर्थ बघायचे: पॅनकेक एका तव्यावर होतो, म्हणून पानेकूक, 'एन' नाही. १९९५ ला तो पाननकूक झाला आणि अनेकांच्या तोंडची चव गेली. तेव्हा पहिलं पद प्राणी आणि दुसरं वनस्पती असेल तर 'एन' नको अशी एक विचित्र सवलत ठेवली होती. ती २००५ च्या आवृत्तीत काढून टाकली. ही शब्दसूची हिरव्या मुखपृष्ठामुळे 'ख्रूने बूक्ये' म्हणजे हिरवी पुस्तिका म्हणून ओळखली जाते. ती नेदरलँड्स आणि बेल्जियम यांनी १९८० साली मिळून स्थापन केलेल्या टालयूनी या भाषासंस्थेकडे आहे. २००६ साली काही मंडळींनी कंटाळून 'विटे बूक्ये' म्हणजे पांढरी पुस्तिका काढली, ज्यात टुसन-एनबाबत बरीच मोकळीक होती. काही वृत्तपत्रांनी ती उचललीही. शुद्धलेखनावरून ऱ्हस्व-दीर्घाचे वाद घालणाऱ्या आपल्या लोकांना हे सगळं घरच्यासारखं वाटेल. शाळेत आणि सरकारी कामात हिरवी पुस्तिका चालते, तुम्हीही तीच धरा.

तोडू नका, चिकटवा

वाचणं झालं, आता लिहिण्याचं. इंग्रजीची सवय असलेल्या हाताकडून इथे सर्वांत जास्त चूक होते. पदं एकत्र लिहायची, मध्ये जागा सोडायची नाही. सोडली तर अर्थ बदलतो. रेड वाइनसाठीचा पेला म्हणजे रोडेवाइनख्लास, सलग. 'रोडे वाइनख्लास' असं तोडलं तर वाइनचा पेला राहतो, पण लाल रंगाच्या काचेचा. लांगेआफस्टांट्सलोपर सलग लिहिला तर लांब पल्ल्याचा धावपटू. पहिलं पद सुटं केलं तर अंतर कापणारा एक उंच माणूस. डच लोकांनी या आगंतुक जागेला 'इंग्रजी रोग' असं नाव दिलं आहे. मराठीतही 'मुख्यमंत्री' जोडून लिहायचं की तोडून यावर पाट्या रंगवणारे आपापला कौल देत असतात.

चिकटवताना दोन स्वर भिडले तर? संस्कृतात संधी होते: सूर्य आणि उदय मिळून सूर्योदय, मूळ स्वर दोन्ही गायब. डच सांधा कधीही विरघळत नाही. चुकीचं वाचलं जाण्याची भीती असेल तर ते मध्ये आडवी रेघ टाकतात. झे (समुद्र) आणि एखल (हेजहॉग, अंगावर काटे असलेला छोटा प्राणी) मिळून समुद्रातला काटेरी प्राणी. रेघ नसेल तर तीन 'ई' ओळीने येतात आणि कुठला कोणाचा कळत नाही, म्हणून रेघ. पण समुद्राची खाडी झेआर्म: तिथे घोळ होत नाही, म्हणून रेघ नाही. प्रत्यय लागून स्वर भिडले तर रेघ नव्हे, दुसऱ्या स्वरावर दोन टिंबं. झे चं अनेकवचन झेअन, त्यात तिसऱ्या 'ई'वर टिंबं. दोन शब्द जोडले तर रेघ, प्रत्यय जोडला तर टिंबं, एवढं सूत्र पुरतं.

'एन'मुळे एक मजा झाली. गाईची कास म्हणजे पूर्वीच्या लेखनात कूयेआउयर, त्यात ओ-ई-आय-ई-यू-आय-ई असे सात स्वर ओळीने यायचे. १९९५ नंतर मध्ये 'एन' घुसला आणि सलग सात स्वरांचा विक्रम हातचा गेला.

गाडी लावताना उपयोगी पडणारी एक गोष्ट. पाटीवर 'झॉन- एन फेस्टदाखन' असं लिहिलेलं दिसेल, पहिल्या शब्दानंतर लटकलेली रेघ. ती रेघ म्हणजे 'पुढच्या शब्दाची शेपूट इथेही जोडून घ्या'. झॉनदाखन आणि फेस्टदाखन, म्हणजे रविवार आणि सणावारी. सूर्याचा तिथे काही संबंध नाही.

आता तुकडे

उच्चाराच्या तुकड्याला डचमध्ये लेटरख्रेप म्हणतात, आपल्या व्याकरणात शब्दावयव. लेटरख्रेप हाही जोडशब्दच: अक्षर + मूठ. एका मुठीत मावतील तेवढी अक्षरं. शाळेत लहान मुलांना टाळ्या वाजवत शब्द मोजायला शिकवतात, एक टाळी एक मूठ. मला वाटायचं हा बालवाडीचा खेळ. मग कळलं की डच स्पेलिंगची किल्ली त्यातच आहे.

बोम म्हणजे झाड, स्पेलिंगमध्ये दोन 'ओ'. बॉम म्हणजे बाँब, एक 'ओ'. अनेकवचन करताना झाडं बो-मन: पहिला तुकडा स्वराने संपतो, उघडा आहे, त्यामुळे एकच 'ओ' लिहिला तरी दीर्घ वाचला जातो. म्हणून एक 'ओ' उडाला. बाँब बॉम-मन: स्वर तोकडा ठेवायचा तर तुकडा व्यंजनाने बंद करायला हवा, म्हणून एक 'एम' वाढला. उडवणाऱ्याला काही शाळांत 'लेटरडीफ' म्हणजे अक्षरचोर म्हणतात. तुकडे चुकले की स्पेलिंग चुकतं, आणि झाडांच्या जागी बाँब येतात.

नियम क्रमाने लावायचे, आणि क्रम बदलायचा नाही.

सर्वांत आधी सांधा. जोडशब्द जिथे जोडला तिथेच तुटतो, बाकी नियम नंतर. पाळणाघराच्या खर्चासाठी मिळणारा सरकारी भत्ता म्हणजे किंडरऑपफांगटूस्लाख. (याच भत्त्याच्या वसुलीत हजारो कुटुंबं चुकीने भरडली गेली आणि १५ जानेवारी २०२१ ला त्यावरून मंत्रिमंडळाने राजीनामा दिला, त्यामुळे हा शब्द आता सगळ्यांना पाठ आहे.) सांधे न बघता तोडायला गेलात तर किन-डे-रॉप-फांग होईल, आणि 'रॉप' नावाचं काहीच नाही. सांधे पाहिले तर किंडर + ऑपफांग + टूस्लाख, आणि मग किन-डर-ऑप-फांग-टू-स्लाख. सहा मुठी. उपसर्गालाही हाच मान: म्हातारं होणं म्हणजे फरआउडरन, तिथे 'फर' आधी सुटा करायचा. प्रत्ययांचं मात्र तसं नाही. विमा म्हणजे फरझेकरिंग, त्याचे तुकडे फर-झे-के-रिंग. 'इंग' आपलं आधीचं व्यंजन ओढून घेतो.

मग स्वर मोजा. अक्षरं नव्हे, स्वर. ओ-ई मिळून एक 'ऊ', आय-ई मिळून एक 'ई', यू-आय मिळून तो कुप्रसिद्ध 'आउ', आय-जे मिळून 'आइ'. जेवढे स्वर तेवढे तुकडे.

दोन स्वरांमध्ये एक व्यंजन असेल तर ते पुढच्याला: बो-मन, ता-फल. दोन असतील तर एक इकडे एक तिकडे: वेर-कन, कास-टन. तीन किंवा जास्त असतील तर पुढच्या तुकड्याला तेवढीच द्या जेवढ्यांनी एखादा डच शब्द सुरू होऊ शकतो. खिडकी फेन-स्टर, कारण 'एस-टी'ने शब्द सुरू होतात, 'एन-एस-टी'ने होत नाहीत. सी-एच जोडी ही एकच समजायची: हसणं ला-खन. एन-जी मात्र ऐकायला एकच असली तरी लिहिताना फोडतात: गाणं झिन-खन असं कागदावर दिसतं, तोंडाने कोणी तसं म्हणत नाही.

आपल्या कानाला एक सवय मोडावी लागते. मराठी अक्षर स्वरावर संपतं, त्यामुळे आपण व्यंजन नेहमी पुढच्या स्वराला चिकटवतो आणि हाउसआर्ट्सला हाउ-सार्ट्स करतो. लिहिताना हाउस-आर्ट्स.

ओळ संपताना शब्द तोडायचा असेल तर आणखी काही बारकावे. एकटं अक्षर ओळीच्या टोकाला ठेवत नाहीत: संध्याकाळ म्हणजे आफन्ट, उच्चाराचे तुकडे दोन, पण पहिल्यात एकच अक्षर असल्याने तोडायचा नाही. दोन टिंबांच्या जागी तोडलं तर टिंबं जातात, कारण आता गोंधळच उरला नाही. छोटा कॅफे म्हणजे काफेत्ये, त्यात आवाज टिकवायला दोन 'ई' लिहितात. तिथे ओळ तुटली की एक 'ई' गळतो आणि उरलेल्यावर फ्रेंच पद्धतीची तिरकी रेघ परत येते. आणि यू-आय-टी-जे-ई हा शब्द दोन्हीकडे तुटू शकतो. आउट-ये म्हणजे छोटी सहल, आउ-त्ये म्हणजे छोटा कांदा. उच्चारात फरक शून्य. ऑफिसातल्या कोणी 'आउत्ये' ठरवलं म्हणून सांगितलं तर भजी होणार असं समजू नये.

एक मोठा शब्द, हळूहळू

आरबाइट्सऑनखेस्खिक्टहाइट्सफरझेकरिंग. ३३ अक्षरं. स्वतःचा व्यवसाय करणाऱ्यांना या विम्याची पत्रकं येतात.

उजवीकडून चला. शेवटी फरझेकरिंग, विमा. म्हणजे हे काही का असेना, विम्याची गोष्ट आहे. लिंग 'डे', कारण विमा 'डे'. त्याच्या आधी 'एस', आणि 'एस'च्या आधी 'हाइट'. हाइटनंतर चुना येणारच, तेव्हा हा 'एस' सांध्याचा. रेघ मारा. आता उरलं आरबाइट्सऑनखेस्खिक्टहाइट. हाइट म्हणजे '-पणा'. त्याच्या आधी खेस्खिक्ट, म्हणजे लायक. त्याच्या आधी ऑन, म्हणजे 'अ-' किंवा 'ना-'. ऑनखेस्खिक्टहाइट: अक्षमता. उरला आरबाइट्स, म्हणजे आरबाइट (काम) आणि पुन्हा एक 'एस'. काम करण्याच्या अक्षमतेचा विमा: आजारपणात किंवा अपघातात हातपाय चालेनासे झाले तर उत्पन्न देणारा.

दोन सांधे कळले, अर्थ लागला, आता टाळ्या: आर-बाइट्स-ऑन-खे-स्खिक्ट-हाइट्स-फर-झे-के-रिंग. दहा. सांध्याचा 'एस' नेहमी आधीच्या तुकड्यात राहतो, पुढच्यात जात नाही. बिलातला 'एस' मी मागे ढकलला होता, म्हणून घसरलो.

हातासरशी आणखी एक. मुलं इथे जिभेला व्यायाम म्हणून हॉटनटॉटनटेनटनटेनटोनस्टेलिंग म्हणतात. त्यातला पहिला शब्द दक्षिण आफ्रिकेतल्या खोइखोइ लोकांचं जुनं, अपमानकारक नाव आहे, त्यामुळे चारचौघांत वापरू नये, पण तोडायला शब्द फर्मास आहे. शेपटीला टेनटोनस्टेलिंग म्हणजे प्रदर्शन. त्याच्या आधी टेनटन, तंबू. उरलं ते लोकांचं नाव. माझ्या मुलीने पहिल्यांदा टाळ्या वाजवल्या तेव्हा ती आठवर थांबली आणि मी अकरावर. मग आम्ही आधी दोन रेघा मारल्या आणि परत वाजवल्या: हॉट-टन-टॉट-टन, टेन-टन, टेन-टोन-स्टेल-लिंग.